‘होईल सवय’ म्हणतात, पण डोळ्याला डोळा लागत नाही

ताई, स. न. वि. वि.

माझं माहेर आजरा तालुक्यातल्या एका वाडीवर. लग्न होऊन पुण्याकडे आले, बरीच वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली आणि गेल्या दिवाळीत आम्ही भोसरीला, इंद्रायणीनगरच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला. फ्लॅट बघायला आलो तो गुरुवार होता, इथल्या कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस. सगळं शांत. राहायला आल्यावर कळलं की कंपाउंडच्या भिंतीपलीकडे पॉवर प्रेसची, म्हणजे दणका देऊन पत्रा कापणाऱ्या यंत्रांची, शेड आहे. दिवसा फारसं काही वाटत नाही. रात्री अकरा वाजले की धप्प, धप्प सुरू. मधेच थांबतं, आणि मग मी पुढच्या ठोक्याची वाट बघत जागी राहते.

हे म्हणतात, ‘होईल सवय.’ माझे सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) आयुष्यभर इथल्याच एका कंपनीत प्रेसवर होते. ते खुशाल घोरत असतात. उलट गुरुवारी त्यांनाच चैन पडत नाही, घरभर फेऱ्या मारतात. मी एकदा कुरकुर केली तर म्हणाले, ‘सूनबाई, या आवाजावर आपलं घर उभं राहिलंय.’ तेव्हापासून मी गप्प आहे. धाकटे दीर त्याच गल्लीत कामाला जातात. तक्रार केली आणि त्यांच्या पोटावर पाय आला तर? सोसायटीतल्या बायका म्हणतात, एमआयडीसीजवळ घर घेतलं तर आवाज येणारच. मी उगाच नाजूकपणा करतेय का? फ्लॅट विकून टाकावा का?

— एक सून, भोसरी

नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. नाही, तुम्ही नाजूकपणा करत नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘पुढच्या ठोक्याची वाट बघत जागी राहते’, आणि तुमचा सगळा आजार त्यात आलाय. हमरस्त्याची घरघर, कंप्रेसरचा एकसुरी आवाज, पंख्याची भुणभुण यांना मेंदू थोड्या वेळानं बाजूला सारतो. ठोक्याचं तसं होत नाही. तो अचानक येतो, एका क्षणात उंच चढून खाली उतरतो. शिवाय ऑपरेटर पत्रा सरकवायला, जॉब बदलायला मधेमधे थांबतो, त्यामुळे ठोक्यांना ताल धरता येत नाही. ताल नसलेल्या ठोक्यावर मेंदू पहारा देत बसतो.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. परिसरातला आवाज कसा मोजायचा याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १९९६. त्यात आदळणाऱ्या आवाजांना दंड लावतात. म्हणजे मीटरवर जो आकडा येईल त्यात साध्या ठोक्यांसाठी ५ डेसिबल आणि तीव्र ठोक्यांसाठी १२ डेसिबल वाढवून धरायचे, कारण माणसाला ते तेवढे जास्त छळतात. तीव्र ठोक्यांची उदाहरणं म्हणून तिथे जी नावं दिली आहेत त्यात बंदुकीचे बार आहेत, पायलिंगचा घण आहे, ड्रॉप फोर्जिंग आहे आणि पंच प्रेसही आहे. तुमच्या भिंतीपलीकडचं यंत्र या पंगतीतलं आहे.

आता ‘होईल सवय’ याबद्दल. हे आपल्याकडे सगळ्याच गोष्टींवरचं औषध आहे, आणि या बाबतीत ते निम्मं खरं आहे. काही आठवड्यांनी माणूस कमी वेळा जागा होतो, सकाळी त्याला आठवतही नाही. पण झोपेत आवाज आला की हृदयाचे ठोके वाढतात, आणि ती प्रतिक्रिया पूर्णपणे मावळत नाही, हे झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये पुन्हा पुन्हा दिसून आलंय. मनाला सवय होते, शरीराला पुरती होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली झोपण्याच्या खोलीसाठी सांगितलेली मर्यादा अशी: सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, आणि एखाददुसरा सुटा आवाजसुद्धा ४५ च्या वर जाऊ नये. भोसरीत ३० डेसिबलची खोली मिळणं कठीण, हे मीही जाणते. पण ‘सवय’ हा शब्द वापरून तुमच्या शरीराचं म्हणणं खोडून काढायचा अधिकार कुणाला मिळत नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

सोसायटीतल्या बायकांना मात्र खोटं ठरवू नका. त्या कुठल्या मजल्यावर राहतात ते बघा. कंपाउंडची भिंत खालच्या दोन मजल्यांना आड देते. तुमच्या चौथ्या मजल्यावरून शेडचं छप्पर सरळ दिसत असेल, आणि जिथून यंत्राची शेड दिसते तिथे आवाजही सरळ पोचतो. त्यात तुम्ही दिवाळीत राहायला आलात. पुण्याकडे थंडीतल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची हवा त्यामानानं उबदार राहते. गार हवेत आवाज हळू चालतो, त्यामुळे वर निघालेला आवाजही वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा जो ठोका आकाशात विरून जातो तोच रात्री लांबच्या खिडकीपर्यंत येतो. त्यातून रस्ता शांत झालेला असतो, त्याला झाकायला काही उरत नाही. म्हणून ‘दिवसा काही वाटत नाही, रात्रीच होतं’ हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

अण्णांबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय. तुमच्या पत्रातला खरा गुंता आवाजाचा नाही, त्यांच्या त्या एका वाक्याचा आहे.

नेदरलँड्समध्ये पवनचक्क्यांजवळ राहणाऱ्या ७२५ लोकांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. पवनचक्क्यांपासून ज्यांना पैसे मिळत होते, त्यातले बरेचजण चक्क्यांच्या जास्त जवळ राहत होते, म्हणजे त्यांच्या घरात आवाज जास्त पोचत होता. तरीही त्यांच्यात त्रास होतो म्हणणारे जवळजवळ नव्हतेच. कान तेच, यंत्र तेच. फरक एवढाच की एकाला पात्याच्या घुमण्यात मिळकत ऐकू येत होती आणि दुसऱ्याला नुसतीच घुमघुम. कारखाने, विमानतळ, रेल्वे यांच्या आसपासच्या पाहण्यांतही हेच दिसतं: माणसाला किती त्रास होतो हे आवाजाच्या पातळीवरून थोडंफारच सांगता येतं. बाकीचं ठरतं ते आवाज करणाऱ्यावर विश्वास आहे का, आपलं कुणी ऐकतं का, हा आवाज थांबवणं कुणाच्या तरी हातात असून तो थांबवत नाही असं वाटतं का, यावरून.

अण्णांना प्रेसच्या ठोक्यात हजेरी, पगार, ओव्हरटाइम ऐकू येतो. ठोका चालू म्हणजे ऑर्डर आहे. थांबला म्हणजे मंदी, ले-ऑफ, संप, काहीतरी बिनसलं. मुंबईच्या गिरणगावात भोंगा हेच घड्याळ होतं. भोंग्यावर चूल पेटायची, पोरं शाळेला निघायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि पुढे एकेका गिरणीचा आवाज कायमचा गेला. त्या पिढीला लालबाग-परळची शांतता कधी आरामाची वाटली नाही. अण्णा गिरणगावातले नसतील, पण गुरुवारी त्यांच्या पायाला भिंगरी लागते ती याच जातीची. सुट्टीचा दिवस आहे हे डोक्याला कळतं, कानांना कळत नाही.

उलटं उदाहरण डोंबिवलीचं घ्या. तिथल्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसं गेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. तिथे राहणाऱ्या एखाद्या बाईला रात्री वाफ सोडल्याचा नुसता फुसकारा ऐकू आला तरी ती गॅलरीत येऊन बघते. मीटर लावला तर तो फुसकारा तुमच्या ठोक्यापेक्षा हळूही भरेल. पण तिच्या कानात त्याचा अर्थ ठरून गेलाय.

तेव्हा अण्णा घोरतात म्हणून तुमचं जागणं खोटं ठरत नाही, आणि तुम्ही जागता म्हणून त्यांचा आवाजाशी असलेला जिव्हाळाही खोटा ठरत नाही. फक्त त्यांच्या वाक्यात एक गोष्ट राहून गेली आहे, ती त्यांना प्रेमानं विचारा. ‘अण्णा, तुम्ही प्रेसवर होता तेव्हा ड्युटी संपल्यावर झोपायला कुठे जायचात?’ चाळ असेल, गाव असेल, कंपनीच्या बसनं तास-दीड तासावरचं घर असेल. प्रेसला डोकं लावून ते कधी झोपले नसणार. घर उभं राहिलं ते पाळीच्या आठ तासांच्या आवाजावर, आणि त्या आठ तासांचे त्यांना पैसे मिळत होते. तुम्हाला तो आवाज रात्री फुकट मिळतोय. हे भांडण म्हणून बोलू नका. जेवण झाल्यावर, टीव्ही बंद असताना बोला. मला वाटतं त्यांना कळेल.

‘एमआयडीसीजवळ घर घेतलं तर आवाज येणारच’ याचा हिशेब जरा कागदावर मांडून बघू. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. औद्योगिक भागात रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ७० डेसिबलपर्यंत चालतं, निवासी भागात फक्त ४५. तुमच्या सोसायटीची एक भिंत या दोन आकड्यांच्या मधोमध उभी आहे. मोकळ्या मैदानात एका यंत्रापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे दहा मीटरवर ७० असलेला आवाज ४५ वर यायला जवळपास १८० मीटर मोकळी जागा लागेल. आपल्या कुठल्या शहरात कारखाना आणि गॅलरी यांच्यामध्ये कुणी १८० मीटर सोडलेत? एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, भोसरीतले कारखाने त्याच दशकात आले तेव्हा भोवती शेतं होती. मधली शेतं बिल्डरांनी भरली, परवानग्या मिळत गेल्या. यात तुमचा दोष नाही, आणि खरं सांगायचं तर प्रेसवाल्याचाही सगळा नाही. तो कदाचित तुमच्या इमारतीच्या आधीपासून तिथे आहे. ही गोष्ट मनात ठेवूनच त्याच्या दारात जायचं.

हो, दारात जायचं. तक्रारीआधी. पण त्याच्याही आधी थोडा घरचा अभ्यास.

ठोका तुमच्यापर्यंत कुठून येतो ते शोधा. रात्री प्रेस चालू असताना एका पसरट स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी भरा, झोपायच्या खोलीत फरशीवर ठेवा आणि कडेनं टॉर्च मारा. ठोक्याबरोबर पाण्यावर कंप उठत असेल, किंवा भिंतीला तळवा टेकल्यावर हाताला कळत असेल, तर तो जमिनीतून, पायातून, कॉलममधून चढतोय. मग खिडकीवर लाखभर रुपये घातले तरी उपयोग नाही. पाणी स्थिर असेल तर तो बहुधा हवेतून येतोय आणि खिडकी हाच मुख्य रस्ता आहे. काच बसवणारे लोक हे न तपासताच दुहेरी काच गळ्यात मारतात. दुहेरी काच किणकिणाट, हॉर्न, गप्पा छान अडवते. प्रेसच्या जड, खालच्या पट्टीतल्या दणक्यापुढे ती बरीच कमी पडते.

दुसरं, एक वही करा. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, मोठा ठोका की बारीक, आणि तुम्ही जाग्या झालात का. फोनवरचं डेसिबल मोजायचं ॲप हवं तर वापरा. कुठल्याही कार्यालयात ते पुरावा म्हणून चालणार नाही, पण कुठली रात्र कुठल्या रात्रीपेक्षा वाईट ते कळायला पुरतं. त्यातही ठोक्यापुरता वर उडालेला आकडा लिहा, सरासरी लिहू नका. सरासरीत ठोका बुडतो: क्षणभराचा दणका आणि मधली शांतता एकत्र कालवली की कागदावर सगळं ठीकठाक दिसतं.

मग अण्णांना घेऊन एका रात्री खाली उतरा. बोलायचं नाही, फोन घरी. सोसायटीच्या आतून भिंतीच्या कडेकडेनं चाला, नंतर रस्त्यावरून शेडच्या पुढच्या बाजूला जा. आवाजाचा अभ्यास करणारे लोकही असंच फिरतात, मीटरच्या आधी कानांनी. तुम्ही तुम्हाला काय होतं ते ऐका, आणि अण्णांना त्यांना काय कळतं ते ऐकू द्या. प्रेसवर आयुष्य काढलेला माणूस आवाजावरून यंत्राची तब्येत सांगतो. डाय (पत्रा कापणारा खालचा साचा) नीट बसली नाही, फाउंडेशन बोल्ट ढिले आहेत, पत्रा जाड आणि प्रेस लहान आहे, क्लच खातोय. तुम्हाला जो नुसता दणका ऐकू येतो त्यात त्यांना दहा गोष्टी ऐकू येतील. परत आल्यावर विचारा, ‘अण्णा, तुमच्या वेळी फोरमननं प्रेस अशी चालू दिली असती का?’ मला वाटतं हा माणूस तुमच्या विरुद्ध बाजूला उभाच नाही. त्याला अजून कुणी कामाला लावलेलं नाही, एवढंच.

शेडच्या मालकाशी बोलायला अण्णांनीच जावं, तुमच्या यजमानांनी बरोबर असावं, आणि दिवसा जावं. दिरांना यात आणू नका. त्यांचं नावही निघायला नको. ‘आवाज बंद करा’ असं म्हणायचं नाही. त्याला सकाळी कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या गेटवर माल पोचवायचा असतो, तो उशिरा गेला तर ऑर्डर जाते. बंद करणं त्याच्या हातात नाही, आणि जे हातात नाही ते मागितलं की माणूस अंगावर येतो. नेमकं मागा. जाड पत्र्याचं ब्लँकिंग (पत्र्यातून तुकडे कापून काढणं) रात्री दहाच्या आत उरका, रात्रीच्या पाळीला ड्रिलिंग, टॅपिंग, पॅकिंग ठेवा. तुमच्या बाजूचं शटर आणि खिडक्या रात्री बंद ठेवा. स्क्रॅपच्या पेटीत रबराची चटई टाका आणि तुकडे उंचावरून पडू देऊ नका. वाटीतलं पाणी हललं असेल तर प्रेसखाली कंप शोषणारे पॅड बसवायचा विषय काढा. आणि अण्णांना बोलता येईल असा मुद्दा डायचा: डायला किंवा पंचाला (वरून पत्र्यात घुसणाऱ्या भागाला) थोडा उतार दिला की पत्रा एका फटक्यात न तुटता कडेकडेनं कापला जातो, दणका उतरतो, प्रेसवरचा धक्काही उतरतो. यातल्या निम्म्या गोष्टींत मालकाचाच फायदा आहे. बोल्ट ढिले असलेली प्रेस आधी त्याचंच फाउंडेशन खाते. कंप्रेसरच्या पाइपातून हवा सुस्कारत असेल तर ते त्याचं वीजबिल सुस्कारतंय. प्रेसवरचा जुना माणूस हे बोलतो तेव्हा मालक ऐकून घेतो. तुम्ही किंवा मी बोललो तर आधी चहा मागवेल आणि मग हसेल.

आणखी एक गोष्ट, ही वाटते त्याहून मोठी आहे. त्याच्याकडून एक फोन नंबर घ्या, आणि ज्या रात्री मोठी ऑर्डर आहे त्या रात्री आधी कळवायला सांगा. ‘आज दोनपर्यंत चालेल’ हे ठाऊक असलं की तोच ठोका कमी टोचतो. कधी थांबणार हे माहीत नसणं, हाच निम्मा छळ असतो.

घरातल्या उपायांचं थोडक्यात सांगते. झोपायची खोली बदला. रस्त्याच्या बाजूची खोली मोजायला गेलं तर जास्त गोंगाटाची भरेल, पण वाहनांची घरघर ठोक्यापेक्षा परवडते. पलंग शेडच्या बाजूच्या भिंतीपासून आणि कॉलमपासून हलवा. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या फटी रबरी पट्टीनं बुजवा, आवाज फटीतून आधी येतो. पंखा जरा मोठा ठेवला तर बारीक ठोके झाकले जातात, मोठे नाही. कानातले फोमचे बोळे काही रात्रींपुरते ठीक. जमिनीतून येणारा दणका मात्र ते थोपवत नाहीत. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांशिवाय नकोत. आणि ही खोली-पलंगाची अदलाबदल तात्पुरती आहे हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर ‘झालं की आता’ म्हणून मूळ विषय बंद होईल.

बोलून काही झालं नाही, तर मग तक्रार, आणि तीही सोसायटीच्या लेटरहेडवर. एकट्या सुनेच्या नावानं नाही. नियमांप्रमाणे ठरलेल्या पातळीपेक्षा आवाज १० डेसिबल किंवा जास्त असेल, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर कुणीही तक्रार करू शकतं. निवासी भागात रात्री म्हणजे ५५ किंवा त्याहून जास्त. कारखान्यासाठी जायचं ठिकाण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, त्यांचं पिंपरी-चिंचवडला उपप्रादेशिक कार्यालय आहे. रात्री प्रसंग आलाच तर पोलिसांचा ११२. मोजणी तुमच्या खिडकीशी आणि रात्रीच व्हावी, शेडच्या दारात दुपारी नव्हे, असं अर्जातच लिहा. वही सोबत जोडा.

पण अर्ज द्यायच्या आधी एक बघून घ्या: ती शेड एमआयडीसीच्या प्लॉटवर आहे, की निवासी जागेत उभी राहिलेली आहे. प्लॉटवर असेल तर तक्रारीचा शेवट बहुधा नोटीस, दुरुस्ती, वेळेची अट असा होतो. बेकायदा असेल तर गोष्ट हाताबाहेर जाऊ शकते. २०२५ च्या फेब्रुवारीत तुमच्या जवळच कुदळवाडीत महापालिकेनं शेडांवर बुलडोझर चालवला, तेव्हा किती हातांचं काम गेलं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल, कदाचित गॅलरीतून ऐकलंही असेल. तुम्हाला दिरांची काळजी वाटते ती फुकाची नाही. म्हणून आधी दार, मग अर्ज, असा माझा आग्रह आहे. मात्र अर्ज करावाच लागला तर अपराधीपणा बाळगू नका. झोपेसाठी केलेला अर्ज कुणाची भाकरी काढायला केलेला नसतो. रात्रीची पाळी अडचणीत आली तर ती बोल्ट न आवळणाऱ्यामुळे आली, असं मी म्हणेन.

तुमच्या यजमानांसाठी दोन ओळी, त्यांना वाचून दाखवा. साहेब, तुम्ही सवयीचं बोलता कारण दुसरं काही केलं तर हप्त्यांचं काय, हा विचार तुम्हाला भेडसावतोय. कर्ज काढून घेतलेल्या घरात खोट निघाली हे मान्य करणं अवघड जातं, ते समजतं. पण बायको झोपली नाही असं सांगते तेव्हा तिनं घराला नाव ठेवलेलं नसतं. एक रात्र तिच्या जागेवर, तिच्या बाजूनं झोपा. प्रेस बंद असलेली रात्र निवडू नका.

राहिला फ्लॅट विकायचा प्रश्न. आत्ता नाही. थंडीतल्या रात्रींवरून सगळ्या वर्षाचा निकाल लावू नका, उन्हाळा आणि पावसाळा एकदा बघून घ्या. मालकाशी बोलणं, अर्ज, मोजणी, हे सगळं होऊ दे. एवढं करूनही वहीत रात्रींमागून रात्री जागरणाच्याच निघाल्या, रक्तदाब, चिडचिड, डोकेदुखी सुरू झाली, तर विका, आणि ‘आपण हरलो’ असं मनात आणू नका. पुढचं घर बघायला जाल तेव्हा दोनदा जा: एकदा कामाच्या दिवशी, एकदा रात्री अकरानंतर. एजंट गुरुवारचीच वेळ देत असेल तर का देतोय ते आता तुम्हाला कळेल.

ता. क. अण्णांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण टीव्ही फार मोठ्यानं लावतात का? नातवंडांचं किंवा बायकांचं बारीक आवाजातलं बोलणं ‘काय, काय’ करून पुन्हा विचारतात का? प्रेसशॉपमध्ये वर्षं काढलेल्या माणसाचा कान बहुतेकदा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातो, आणि स, श, त, क हे वर्ण हरवायला लागतात. जड दणका त्यांना ऐकू येत राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही. गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण यंत्र लावून बोलणं पुन्हा कळायला लागतं. दिरांनाही बरोबर न्या, आणि ते कामावर कानात काही घालतात का ते विचारा.